सर्व्हे भरून पैसे देणारं ॲप : रिचार्जपुरतं ठीक, जनमत वगैरे विसरा

रेटिंग ५ पैकी २. दोन तरी कशाला म्हणाल, तर व्हाउचर खरंच आलं म्हणून.

नाव लिहीत नाही, कारण प्ले स्टोअरवर असली ॲप ढिगाने पडलीयत आणि कारभार सगळ्यांचा थोड्याफार फरकाने सारखाच. आपण मत द्यायचं, ते पॉइंट्स देणार, पॉइंट्स साठले की शॉपिंगचं व्हाउचर नाहीतर मोबाईल रिचार्ज. उघडल्या उघडल्या मोठ्या अक्षरात येतं की तुमच्या मताला किंमत आहे. किंमत आहे खरी, वीस मिनिटांच्या सर्व्हेचे एका कटिंगइतके पैसे पडतात. मी डोंबिवलीवरून भायखळ्याला जातो, सीट मिळालीच तर रील्स बघण्यापेक्षा बरं म्हणून सुरू केलं होतं.

सुरुवातीला प्रोफाइल भरून घेतात. वय, शिक्षण, घरात कमावतं कोण, आणि मग घरात काय काय आहे त्याची यादी. वीज, पंखा, गॅस, टूव्हीलर, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, कार, एसी आणि शेतजमीन. पहिल्यांदा वाटलं हे काय चोरीबिरीचा प्लॅन आहे का, पण नंतर कळलं की ही ११ वस्तूंची यादी आपल्याकडच्या मार्केट रिसर्चवाल्यांची ठरलेली आहे, घरातला मुख्य कमावता किती शिकलाय आणि यातल्या किती वस्तू घरात आहेत एवढ्यावरून ते तुमचा क्लास, म्हणजे आर्थिक स्तर ठरवतात. पगार विचारला तर लोक खोटं सांगतात, फ्रिज आहे का याला सहसा खरं सांगतात, असा हिशोब. हे मला पटलं, या सगळ्या प्रकारातली हुशारीची म्हणावी अशी गोष्ट हीच.

पण ते घरी येऊन विचारणाऱ्या माणसासाठी ठीक, त्याला दारातून फ्रिज दिसतो तरी. ॲपला काय दिसतंय?

आता खरी कटकट. सर्व्हे उघडला की पहिले दहाबारा प्रश्न फुकटात घेतात आणि मग स्क्रीनवर येतं की क्षमस्व, तुम्ही या सर्व्हेसाठी पात्र नाही. पॉइंट्स शून्य, नाहीतर समजूत काढायला दोन. कस्टमर केअरला लिहिलं की तीच ठरलेली मेल येते, धन्यवाद, आपला अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आतलं कारण असं की कंपनीला समजा पश्चिम भारतातले, २५ ते ३५ वयाचे, गेल्या तीन महिन्यांत प्रोटीन पावडर घेतलेले एवढेच लोक हवेत आणि तेही ठराविक संख्येत, तो कोटा भरला की दार बंद. पण मग माणूस काय शिकतो, तर कुठल्या उत्तराला दार उघडतं ते. घरातला किराणा कोण ठरवतं? मीच. सहा महिन्यांत कार घ्यायचा विचार आहे? हो तर. गेल्या वर्षी विमानाने गेलात का? चार वेळा. मी आपला चाळिशी उलटलेला, कार न घेणारा, प्रोटीन न खाणारा म्हणून खरं सांगत राहिलो आणि माझे पॉइंट्स मुंगीच्या पावलाने वाढत राहिले.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो मला म्हणाला मामा तू खुळा आहेस का, असं नसतं करायचं. त्याची वेगवेगळ्या मेलवर तीन अकाउंट आहेत आणि त्यातलं सगळ्यात कमाई करणारं अकाउंट ५२ वर्षांच्या गृहिणीचं आहे. म्हणे या वयाच्या बायका ॲपवर फारशा येतच नाहीत, त्यामुळे कोटा लवकर भरत नाही आणि बाहेर काढत नाहीत. हा पोरगा हॉस्टेलच्या कॉटवर लोळत वॉशिंग पावडर, गुडघेदुखीचा बाम आणि सुनेशी संबंध यावर मतं देतो. मध्येच एखादा प्रश्न असतो की तुम्ही नीट वाचताय हे बघण्यासाठी तिसरा पर्याय निवडा, तेवढा बरोबर पकडतो आणि बाकी सगळीकडे सरळ एका रेषेत 'सहमत' दाबत खाली येतो. ताईला, म्हणजे त्याच्या आईला, जी खरोखर ५२ ची गृहिणी आहे, मी सहज विचारलं की तुला कोणी कधी सर्व्हेला विचारलंय का, तर ती म्हणाली मला घरात कोणी विचारत नाही.

आता यातली गंमत बघा. सर्व्हेत ज्या गटातले लोक कमी सापडतात त्यांच्या उत्तरांना जास्त वजन देऊन कंपनी एकूण गणित लोकसंख्येशी जुळवून घेते, ही नेहमीची पद्धत आहे, सगळेच करतात आणि करावंच लागतं. म्हणजे ५२ च्या बायका कमी म्हणून भाच्याच्या उत्तराचं वजन माझ्यापेक्षा जास्त. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत लॉस एंजेलिस टाइम्स आणि सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचा पोल होता, त्यात इलिनॉयमधल्या एका १९ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला सरासरी माणसाच्या तीसपट वजन मिळालं होतं कारण त्या गटातले लोकच कमी होते. तो पोरगा ट्रम्पवाला निघाला, त्यामुळे तो सॅम्पलमध्ये, म्हणजे त्या वेळी उत्तरं देणाऱ्यांत असला की ट्रम्पचा कृष्णवर्णीयांमधला पाठिंबा वाढायचा आणि तो गळला की धपकन खाली यायचा. एकटा माणूस. आणि तो मुलगा निदान खरा तरी होता.

खोट्यांची गोष्ट पुढे आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२२ मध्ये अशाच कोणीही यावं आणि भरावं टाइपच्या ऑनलाइन सर्व्हेतल्या लोकांना मुद्दाम विचारलं की तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवायचं लायसन आहे का. तिशीच्या आतल्या १२ टक्क्यांनी हो म्हणून टाकलं. माझा भाचा असता तर त्यानेही हो म्हटलं असतं, 'हो' म्हटलं की पुढचे प्रश्न येतात एवढंच त्याला माहीत. हसून सोडून देता आलं असतं, पण २०२३ च्या डिसेंबरात असाच एक ऑनलाइन पोल आला की तिशीच्या आतल्या अमेरिकनांपैकी २० टक्क्यांना हिटलरच्या काळातलं ज्यूंचं हत्याकांड झालंच नाही असं वाटतं, आणि त्याच्या जगभर हेडलाइन झाल्या, तरुण पिढी बिघडली म्हणून अग्रलेख पडले. प्यूने तसाच प्रश्न आपल्या पॅनेलला विचारला, जिथे माणूस स्वतःहून येत नाही, पत्ते रँडम काढून बोलवलेला असतो, तर आकडा आला ३ टक्के. २० चे ३. मधले सतरा टक्के म्हणजे नुसती बटणं दाबणारी पब्लिक.

आमच्या फॅमिली ग्रुपवर जगातल्या नेत्यांची लोकप्रियता म्हणून एक रंगीत चार्ट दर थोड्या दिवसांनी येतो, त्यात मोदी एक नंबरवर असतात. तो मॉर्निंग कन्सल्ट या अमेरिकन कंपनीचा ऑनलाइन सर्व्हे. मोदी लोकप्रिय आहेत की नाहीत हा माझा मुद्दाच नाही, असतीलही, पण कंपनी स्वतःच तळटीपेत सांगते की भारतातलं सॅम्पल साक्षर लोकसंख्येचं आहे. ती तळटीप फॉरवर्ड होत नाही, चार्ट होतो. काका म्हणतात सगळा देश म्हणतोय. काकांना मी एकदा विचारलं तुम्हाला विचारलं का हो कोणी, तर तीन दिवस बोलले नाहीत. सत्ताधाऱ्यांचंच असं आहे असंही नाही, विरोधकांचे भक्त पण स्वतःच्या सोयीचा पोल आला की तो डीपीला लावायचे बाकी ठेवतात.

एक्झिट पोल वेगळा प्रकार आहे हे मान्य, तिथे माणूस प्रत्यक्ष मतदान केंद्राबाहेर उभा राहतो, पॉइंट्सची लालूच नाही. पण दावा तोच, सगळ्या देशाचं मत आम्हाला कळलं. १ जून २०२४ ला लोकसभेचं मतदान संपलं त्या संध्याकाळी बहुतेक चॅनेलांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेऊन ठेवलं, कोणी कोणी चारशेपर्यंत, ३ तारखेला सेन्सेक्स अडीच हजार पॉइंटनी उडाला आणि ४ ला निकालात २९३ आले तसा एका दिवसात जवळपास चार हजार चारशे पॉइंटनी आपटला. पॉइंट्स म्हणजे हे, माझ्या ॲपवरचे नाही. महाराष्ट्रात तर ४८ पैकी महाविकास आघाडी ३०, महायुती १७ आणि सांगलीला अपक्ष, आणि दोघांची मतं मात्र जवळजवळ सारखी, ४३-४४ टक्क्यांच्या घरात. म्हणजे मतं बरोबर मोजली तरी जागांचं गणित कोसळू शकतं, इतकं ते निसरडं आहे. पुढे नोव्हेंबरात विधानसभेला बरोबर उलटं, महायुती पुढे म्हणून सांगितलं बहुतेकांनी पण २८८ पैकी २३० च्या वर जाईल असं कोणाच्या स्वप्नात नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी जी युती फुगवली तीच यावेळी कमी धरली. आणि यात बाहेर येणारा माणूस अनोळखी पोराला, शेजारी बूथवरचे कार्यकर्ते उभे असताना, खरं का सांगेल हे मला अजून कोणी समजावलेलं नाही. आमच्या चाळीतले लोक शेजाऱ्याला पण सांगत नाहीत.

म्हणून सगळे सर्व्हे बोगस म्हणायला मी तयार नाही. केंद्र सरकारचा कुटुंब आरोग्याचा एनएफएचएस सर्व्हे घ्या, पाचव्या फेरीत २०१९ ते २१ मध्ये सहा लाखांवर घरं केली, आणि त्यात नियम असा की घर आधी निवडलेलं असतं, कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेता येत नाही, परत जा. या एका नियमात सगळं आलं. माझ्या ॲपवर जो येईल तो घर, जो दार उघडेल तो मालक. आणि हे काय ॲपवाल्यांनी शोधलेलं नाही, नाक्यावरच्या फ्लेक्सवर चार जणांचे फोटो आणि खाली 'समस्त डोंबिवलीकर' लिहिलेलं मी लहानपणापासून बघतोय. त्या चौघांनी निदान फ्लेक्सचे पैसे स्वतः भरलेले असतात.

तर ॲपबद्दल. पैसे मिळतात, हळू मिळतात, व्हाउचर यायला आठवडा लागला पण आलं, आणि त्याला एक्सपायरी आहे ती आधीच बघून ठेवा. मराठी निवडली तरी निम्मे सर्व्हे इंग्रजीतच उघडतात. बॅटरी खातं. लोकेशनची परमिशन मागतं ती देऊ नका, न देता पण चालतं. वेगळी मेल आयडी वापरा, माझी नेहमीची दिली तर आता इन्शुरन्सवाल्यांचे मेल येतात ते थांबत नाहीत. बायको म्हणते अनइन्स्टॉल कर, पण पुढच्या व्हाउचरला थोडेच पॉइंट्स कमी आहेत, तेवढे झाले की काढतो. आणि ५२ वर्षांच्या गृहिणींना नवीन वॉशिंग पावडर कशी वाटली असा रिपोर्ट कुठे दिसला तर लिंक पाठवा, भाच्याला दाखवायचाय.