गिटार सेटअपचं टूलकिट: अर्धं कामाचं, अर्धं नुसतं दिसायला

ह्या किटला ब्रँड असा काही नाहीच. ऑनलाइन शोधलं तर तोच काळा चेनवाला पाउच चार-पाच वेगवेगळ्या नावांनी दिसतो, आत सामान तेच, किंमत दीड-दोन हजाराच्या आसपास, सेल असेल तशी वरखाली. मी गोव्यातल्या फोंड्याचा, आणि इथल्या ऑर्केस्ट्रा-भजनवाल्यांना माहीत असेल की चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर सगळ्यांनाच गिटार सेट करून, म्हणजे तारांची उंची आणि सूर नीट लावून, हवी असते, त्यामुळे पणजी-मडगावला गिटार ठेवून यायची आणि फोनची वाट बघत बसायचं. म्हणून म्हटलं आपणच शिकू, वर्षातून दोनदा तरी लागतंच. आता हे किट बऱ्यापैकी वापरून झालंय तर लिहितोय, कारण बाकीचे रिव्ह्यू बघितले तर सगळे 'पॅकिंग छान' इथेच थांबलेत.

आत काय येतं? अ‍ॅक्शन (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या फ्रेटपासून तारा किती वर आहेत ती उंची) मोजायची स्टीलची छोटी पट्टी, बारीक फट मोजायच्या पात्यांचं फीलर गेज, तारांखाली धरून बोर्डची गोलाई म्हणजे रेडियस बघायचे रेडियस गेज, अ‍ॅलन कीचा जुडगा, तार गुंडाळायचं वाइंडर, तार कापायचा पक्कड, फ्रेट पॉलिश करताना बोर्डवर ठेवायच्या पत्र्याच्या पट्ट्या, आणि नटच्या (नेकच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात तो तुकडा) खाचा घासायला कानशी म्हणून दिलेल्या बारीक काड्या.

सगळ्यात कामाची वस्तू ती पट्टी. खरंच सांगतो, एकटी पट्टी मिळाली असती तरी मी पैसे दिले असते. एका बाजूला मिलिमीटर, दुसरीकडे इंचाचे 64 भाग, आकडे खोदलेले आहेत त्यामुळे पुसत नाहीत. आपल्याकडे आजवर सेटअप म्हणजे 'जरा खाली घे, आता जरा वर घे' असंच चालायचं. आकडा हातात आला की भांडण मिटतं. फेंडर (गिटार बनवणारी कंपनी) स्वतः 9.5 ते 12 इंच रेडियसच्या नेकला सतराव्या फ्रेटवर जाड आणि बारीक दोन्ही ई तारांसाठी 4/64 इंच म्हणजे साधारण 1.6 मिमी सांगतं, तिथून सुरुवात करा आणि मग आपल्या हाताप्रमाणे बदला. जोरात रिदम वाजवणाऱ्याला एवढ्यावर तार खडखडेल, त्याने थोडी वर ठेवावी, त्यात कमीपणा काही नाही.

पण पट्टीला हात लावायच्या आधी रिलीफ, म्हणजे नेकला असलेला हलका बाक. इथेच बहुतेक लोकांची गाडी अडते, अ‍ॅक्शन जास्त वाटली की सरळ ट्रस रॉड पिळतात. ट्रस रॉड अ‍ॅक्शनसाठी नाहीच, नेकच्या आतली ती सळई तारांच्या ओढीने नेकला येणारा बाक सांभाळायला आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट ह्यांच्यामधली फट फीलर गेजने बघायची. 9.5 ते 12 इंचवाल्या नेकला 0.010 इंच म्हणजे 0.25 मिमी, जुन्या पद्धतीच्या 7.25 इंचवाल्याला थोडं जास्त, 0.012. फट जास्त असेल तर रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट, एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही, मग परत ट्यून करून परत मोजायचं. घट्ट लागला आणि हलत नसेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा, रॉड तुटला तर नेकच गेला म्हणून समजा.

किटमधलं फीलर गेज ठीक आहे, 0.05 मिमीपासून पाती आहेत, पण हेच गेज बाइकच्या मेकॅनिककडे टॅपेट सेट करायला असतं आणि ऑटो पार्ट्सच्या दुकानात बऱ्याच कमी पैशांत मिळतं. पात्यांवर तेलाचा हात असू द्या. आपल्याकडची पावसाळी हवा म्हणजे उघडी राहिलेली कुठलीही स्टीलची वस्तू आठवड्यात तांबूस.

हवेचा विषय निघालाच आहे तर, गोव्यात वर्षाला 3000 मिमीच्या घरात पाऊस पडतो, लाकूड ती दमट हवा ओढून घेतं आणि नेक हलतो. जूनमध्ये बरोबर असलेली गिटार जानेवारीत बरोबर असेलच असं नाही, त्यात हॉटेलच्या एसी हॉलमध्ये रिसेप्शन वाजवून बाहेर आलं की आणखी गंमत. म्हणून मी एक साधी वही ठेवलीय, तारीख, तारांचा गेज म्हणजे जाडी, रिलीफ, दोन्ही ई तारांची अ‍ॅक्शन, पिकअपची (तारांखालच्या, आवाज उचलणाऱ्या चुंबकाची) उंची, सगळं स्क्रूला हात लावायच्या आधी लिहायचं आणि नंतर परत. बिघडलंच तर निदान होतं तिथे परत जाता येतं. किटबरोबर ह्यातलं काहीच समजावून दिलेलं नाही, एक कागद येतो त्यावर फक्त वस्तूंची चित्रं. माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव हीच, कारण हत्यारं कुणीही विकतो, कुठलं कधी वापरायचं तेच कुणी सांगत नाही.

तर क्रम असा: नवीन तारा, ट्यूनिंग, रिलीफ, अ‍ॅक्शन, रेडियस, पिकअप, सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेट्सवरही सूर बरोबर लागेल असं करणं. उलटसुलट चालत नाही, कारण रिलीफ बदलला की अ‍ॅक्शन बदलते, अ‍ॅक्शन बदलली की तार दाबताना किती ताणली जाते ते बदलतं, म्हणजे आधी लावलेलं इंटोनेशन पाण्यात. आमच्याकडे एक जुने बीट बँडवाले काका आहेत, लग्नांतून आयुष्यभर वाजवलेलं, ते गेज वगैरे बघून हसले आणि एवढंच म्हणाले, "बाबा, पयलीं सुरांत हाड, मागीर स्क्रू घुंवडाय." (आधी सुरात आण, मग स्क्रू फिरव.) कंपन्यांची मॅन्युअलं हेच सांगतात, फक्त लांबलचक.

ट्रेमोलोवाली, म्हणजे दांडीने हलणारा ब्रिज (तारांची खालची बैठक) असलेली, गिटार असेल तर धीर धरा. तारा पुढे ओढतात, मागच्या स्प्रिंगा मागे ओढतात, एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, आणि तारांचा 9 चा सेट काढून जास्त जाड 10 चा लावला की ब्रिज उचललाच. मागचे क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पत्र्याचे) दोन स्क्रू थोडे पिळा, ट्यून करा, बघा, परत पिळा. फेंडरच्या दोन खांबवाल्या ब्रिजला मागून सुमारे 3.2 मिमी फट सांगितलेली असते. ह्या कामाला किटमधलं काहीच लागत नाही, घरातला स्क्रू ड्रायव्हर पुरे.

रेडियस गेज स्ट्रॅटवाल्यांना (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार) उपयोगी, आधी दोन्ही ई लावून घ्यायच्या आणि मधल्या चार तारा गेजला टेकतील अशा करायच्या. लेस पॉल गिटारसारखा ब्रिज असेल तर प्रत्येक सॅडल (ब्रिजवरचा एकेका तारेचा आधार) वेगळं वर-खाली होतच नाही, दोन खांबांवर अख्खा ब्रिज हलतो, तेव्हा ती गेजं पाउचमध्येच राहणार.

अ‍ॅलन की मात्र एकदम टाकाऊ. धातू मऊ, कोपरे लगेच गोल होतात, आणि मापं मिलिमीटरमध्येच, तर अमेरिकन फेंडरच्या सॅडलला 0.050 इंचाची की लागते. जवळपासची की घुसवून पिळलं की स्क्रूचं डोकं गेलं, त्यात समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने ते स्क्रू आधीच जाम झालेले असतात. टूथपिकच्या टोकाने मशीनच्या तेलाचा थेंब सोडा, रात्रभर ठेवा, आणि की चांगल्या कंपनीची वेगळी घ्या, ट्रस रॉडची तर नक्कीच.

नटच्या त्या काड्या तर हातातच घेऊ नका. नट ठीक आहे का ते बघायचं असेल तर तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा, पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली की झालं. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार खडखडते आणि मग नवीन नटच बसवावा लागतो.

पिकअपसाठी परत तीच पट्टी. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून साध्या सिंगल कॉइलला जाड बाजूला 2 मिमी, बारीक बाजूला 1.6 च्या आसपास. आवाज मोठा हवा म्हणून पिकअप वर-वर चढवणारे आमच्या बँडमध्येही आहेत, मग लोहचुंबक तार ओढतो, वरच्या फ्रेट्सवर सूर थरथरायला लागतो आणि हे लोक इंटोनेशन लावत बसतात, जे कधी लागतच नाही.

इंटोनेशनला किटमध्ये काहीही नाही, ट्यूनर आपला आपण आणायचा. क्लिपवाला स्टेजवर ठीक, इथे केबल लावून पेडल ट्यूनर किंवा स्ट्रोब अ‍ॅप वापरा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळवायचा, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्यायचं, उतरलेला असेल तर पुढे. गिटार टेबलावर आडवी ठेवून नाही, वाजवतो तशी मांडीवर धरून. आणि तारा गंजलेल्या असतील तर ह्या भानगडीत पडूच नका.

पाचपैकी तीन. एकच गिटार असेल तर पट्टी, ऑटोच्या दुकानातलं फीलर गेज आणि दोन चांगल्या अ‍ॅलन की सुट्या घ्या. बँडमध्ये तीन-चार जणांच्या गिटारी असतील तर वर्गणी काढून अख्खं किट घ्यायला हरकत नाही, वाइंडर आणि पक्कड तरी सगळ्यांना लागतं. घेतलंत तर पाउचमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, त्या किटबरोबर येत नाहीत.