केकवॉक सोडून रीपरवर: अकरा महिन्यांचा अनुभव

केकवॉक आणि रीपर ही दोन्ही संगणकावर गाणं रेकॉर्ड करून मिक्स करायची सॉफ्टवेअर. केकवॉक मी बारा वर्षं वापरलं. 1987 मध्ये डॉसवर चालणारा मिडी सीक्वेन्सर, म्हणजे वाद्यांचे सूर आज्ञांच्या रूपात मांडून वाजवणारं साधन, म्हणून ते सुरू झालं. मी आलो तोवर त्याचं नाव सोनार झालं होतं. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची तेव्हाची मालक कंपनी गिब्सनने त्याचं काम थांबवल्याचं जाहीर केलं, तेव्हा पहिला धक्का बसला. पुढच्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेतलं आणि एप्रिल 2018 पासून चक्क फुकट दिलं. सुटलो, असं वाटलं. मग जून 2023 मध्ये नवीन सोनार येणार आणि ही फुकट आवृत्ती पुढे बंद होणार, अशी घोषणा झाली. एकाच घरातून दोनदा सामान बांधायची वेळ आली की माणूस तिसऱ्यांदा घर शोधताना वेगळे प्रश्न विचारतो. 2024 च्या दिवाळीनंतर मी रीपर बसवलं.

आधी न्यायाची गोष्ट. बँडलॅबने 2025 मध्ये नव्या सोनारची विनामूल्य पायरी आणली आहे आणि जुने केकवॉक प्रोजेक्ट तिच्यात उघडतात. ज्यांना फक्त जुनं काम चालू ठेवायचं आहे त्यांनी आधी तेच बघावं. मी निर्णय घेतला तेव्हा ती सोय नव्हती. आज असती तरी मी इकडेच आलो असतो, आणि त्याचं कारण आवाजाची गुणवत्ता नाही. चोवीस बिटमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज दोन्हीकडे सारखाच असतो. मला हवं होतं ते एवढंच, की माझ्या खोलीत रेकॉर्ड झालेलं गाणं दहा वर्षांनी कोणाची परवानगी न घेता उघडावं.

माझं काम काय, ते सांगतो म्हणजे बाकीचं समजेल. मिरजेत घरातल्या एका खोलीत मी रेकॉर्डिंग करतो. भजनी मंडळं, शिकणाऱ्या मुलांची गाणी, कधी एखादं भावगीत. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, दोन माइक, चार इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस. वाद्यं म्हणजे पेटी, तबला, पखवाज, टाळ आणि तानपुरा. सिंथ आणि ड्रम मशीनवर काम करणाऱ्यांना माझा अनुभव अर्धाच उपयोगी पडेल.

रीपरची विन्डोजसाठीची इन्स्टॉल फाइल वीस एमबीच्याही आत आहे. विन्डोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्याच्या संगणकावरही चालवता येतं. विनअ‍ॅम्प बनवणारे जस्टिन फ्रँकेल यांनीच हे बनवलं. साठ दिवस सगळं पूर्ण उघडं असतं. नंतर लहान व्यावसायिकांसाठी परवाना 60 डॉलर, म्हणजे मी घेतला तेव्हा साधारण पाच हजार रुपये. त्यावर 8.99 पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्या मिळतात. परवाना म्हणजे एक छोटी फाइल. ती एकदा दाखवली की पुन्हा लॉगिन नाही, इंटरनेट नाही. ज्या खोलीत वायफाय येत नाही तिथे काम करणाऱ्याला याची किंमत कळते.

आता सगळ्यात जास्त वेळ कशाने खाल्ला ते: जुने प्रोजेक्ट. माझ्याकडे त्रेचाळीस होते. केकवॉकची सीडब्ल्यूपी ही प्रोजेक्ट फाइल रीपर वाचत नाही, आणि केकवॉकच्या मिक्सरमधला प्रोचॅनल हा इफेक्टांचा संच तर केकवॉकबाहेर निघतच नाही. माझ्या सगळ्या आवाजांवर तोच लावलेला. त्यामुळे प्रत्येक प्रोजेक्ट केकवॉकमध्ये उघडायचा आणि दोनदा काढायचा. एकदा सगळे ट्रॅक कोरे म्हणजे इफेक्टशिवाय, शून्यापासून शेवटपर्यंत सारख्या लांबीचे, म्हणजे दुसरीकडे एकाखाली एक ठेवले की आपोआप जुळतात. दुसऱ्यांदा तेच ट्रॅक इफेक्टसकट. मिडी असेल तर मिडी फाइल वेगळी. टेम्पो, पट्टी आणि कोणी काय वाजवलं ते एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. प्रत्येकाला तास-पाऊण तास लागला. रोज रात्री जेवणानंतर एक, असं करत संक्रांत आली.

सगळं नीट निघालं की नाही हे कानाने ठरवू नका. मी अशी खात्री केली. केकवॉकमध्ये मास्टरवरचे, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथले, इफेक्ट बंद करून पूर्ण मिक्स काढलं. रीपरमध्ये इफेक्टवाले सगळे ट्रॅक आणले, शेजारी ते मिक्स ठेवलं आणि मिक्सच्या ट्रॅकवरचं फेज, म्हणजे आवाजाची लहर, उलटं करायचं बटण दाबलं. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि प्ले दाबल्यावर शांतता मिळते. पाच प्रोजेक्टमध्ये शांतता मिळाली नाही. तीनमध्ये एखादा ट्रॅक म्यूट राहून गेला होता. उरलेल्या दोनमध्ये कोरस गाणाऱ्यांच्या आवाजावर डोलणारा इफेक्ट होता, तो दर वेळी थोडा वेगळा निघतो, म्हणून तिथे शांतता येणारच नव्हती. हे केलं नसतं तर एका अभंगातले टाळ कायमचे गेले असते आणि मला पत्ताही लागला नसता.

रोजच्या कामात पहिले दोन आठवडे हात अडखळले. केकवॉकमध्ये आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. रीपरमध्ये आर म्हणजे रिपीट, आणि रेकॉर्डसाठी कंट्रोल-आर. एका मुलीने पूर्ण अंतरा फार सुंदर गायला आणि स्क्रीनवर काहीच उमटलं नव्हतं. तिने परत गायला, चांगलाच गायला, पण तो पहिला नाही तो नाहीच. त्याच रात्री अ‍ॅक्शन लिस्टमध्ये जाऊन आरवर रेकॉर्ड बसवलं. कुठलीही आज्ञा कुठल्याही कळीवर बसवता येते, म्हणून नव्याने येणाऱ्याने हे काम पहिल्याच दिवशी उरकावं. आणि नवा प्रोजेक्ट रेकॉर्डिंगच्या आधी सेव्ह करावा, नाहीतर आवाजाच्या फाइली भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडतात.

यापेक्षा मोठा खड्डा टाइमबेसचा. रीपर मुळात असं धरून चालतं की रेकॉर्ड केलेला तुकडा मात्रांना बांधलेला आहे. म्हणजे टेम्पो 72 वरून 76 केला की रेकॉर्ड झालेली पेटीही आखडते. पट्टी तीच राहते, पण भाता ओढल्याचा आवाज खरखरीत होतो. आपल्या संगीतात लय माणसं ठरवतात आणि टेम्पो आपण मागाहून मोजतो, त्यामुळे ही रचना आपल्यासाठी उलटी आहे. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमबेस 'टाइम' करून ठेवा आणि तीच सेटिंग कायमची म्हणून जतन करा.

एकदा हे जमलं की मात्र रीपर आपल्या तालांना फार चांगलं साथ देतं. वारकरी भजनात लय चढत जाते. सुरुवातीला सत्तरच्या आसपास असलेला ठेका गजरापर्यंत शंभराच्या पुढे जातो. क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टकटक, लावून हे गाताच येत नाही, आणि लावूही नये. मी मंडळाला मोकळं गाऊ देतो. नंतर समेपासून समेपर्यंत एक आवर्तन निवडायचं आणि त्या निवडीवरून माप (मेजर) तयार करायची आज्ञा द्यायची. अशी दर चार-पाच आवर्तनांनी एक खूण केली की पूर्ण अभंगाचा नकाशा तयार. मग टाळ नंतर भरायचे असतील तरी वाजवणाऱ्याला गाण्याच्याच लयीतली टकटक ऐकू येते.

मेट्रोनोमही साधा 'चार-चार'चा नाही. ठोक्यांचा साचा अक्षरांनी लिहिता येतो, ए म्हणजे जोराची मात्रा, बी म्हणजे साधी. झपतालासाठी मी दहा मात्रांचं माप धरून ए-बी, ए-बी-बी, ए-बी, ए-बी-बी असं लिहिलं. दोन-तीन-दोन-तीन हे खंड कानाला स्पष्ट कळतात. माझ्याकडे शिकणारी नववीतली मुलं आता त्यावर पलटे घोकतात. खालीची मात्रा यातून दिसत नाही, ती टाळीनेच शिकवावी लागते.

तानपुऱ्याचं एक सांगायचं राहिलं. मी मिरजेचाच तानपुरा दोन मिनिटं रेकॉर्ड करून ठेवतो. त्या तुकड्याची कड ओढली की तो पुन्हा पुन्हा वाजतो. तार छेडायच्या अगदी आधी कापला तर जोड ऐकू येत नाही. काळी दोनची पांढरी दोन करायला पिच अर्ध्या सुराने उतरवलं तर चालून जातं. त्याहून जास्त हलवलं की जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा झणत्कार, खोटी वाटू लागते. प्रत्येक पट्टीचा वेगळा रेकॉर्ड करा, तेवढे कष्ट घ्या.

रीपरच्या सातव्या आवृत्तीतल्या लेनमुळे टेक, म्हणजे एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतलेली रेकॉर्डिंगं, निवडणं सोपं झालं आहे. एका ओळीचे सहा टेक एकाखाली एक दिसतात, हवा तो भाग माऊसने ओढून घ्यायचा. केकवॉकचं हे अंगही चांगलं होतं, तिथे मला कधी अडचण आली नाही. तसंच केकवॉक उघडल्यावर डोळ्यांना बरं वाटायचं. रीपरचा चेहरा रुक्ष आहे आणि मेनू इतके लांब की वरपासून खाली वाचताना धीर सुटतो. सोबत येणारे ईक्यू (आवाजातले जाड-बारीक भाग कमी-जास्त करणारा) आणि कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार आवरणारा) दिसायला साधे, कामाला उत्तम. वाद्यांचे तयार आवाज मात्र जवळजवळ नाहीत. पियानो किंवा स्ट्रिंग्ज हवे असतील तर बाहेरून आणावे लागतात. पुस्तिका चारशेहून जास्त पानांची आहे. मी ती सोडून रीपर शिकवणारे केनी जॉइया यांचे व्हिडिओ बघत शिकलो, आणि पुस्तिका अडलं तेव्हा उघडली.

आणि ज्यासाठी आलो ती गोष्ट. रीपरची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर ट्रॅकचं नाव, तुकडा कितव्या सेकंदाला सुरू होतो, आवाजाची फाइल कोणती, सगळं वाचता येतं. उद्या रीपरही बंद पडलं तरी कोणता आवाज कुठे होता हे माणसाला डोळ्यांनी कळेल. पहिल्यांदा ती फाइल उघडून बघितली त्या दिवशी मी परवान्याचे पैसे भरले.

त्रेचाळीसमधला एक प्रोजेक्ट 2019 चा होता, आमच्या गल्लीतल्या मंडळाचा. बुवांचा आवाज, पेटी आणि तात्पुरता म्हणून घेतलेला पखवाज. पखवाजवाल्या काकांना त्या दिवशी ताप होता, नंतर नीट वाजवू म्हणाले आणि ते राहूनच गेलं. 2021 मध्ये बुवा गेले. यंदा आषाढीच्या आधी काकांना बोलावलं. बुवांचा आवाज रीपरमध्ये लावला, आवर्तनांच्या खुणा केल्या आणि त्यांच्या कानांवर हेडफोन दिला. काकांनी धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावली, थोडी काढली, परत लावली. मी टकटक सुरू केली तर म्हणाले, "ती बंद कर, बुवा आहेत की." दुसऱ्या टेकला झालं. गजराच्या आधी बुवा श्वास घेतात तिथे काका बरोबर थांबले. तो थांबा माझ्या कुठल्याच खुणेत नव्हता.

अभंग पूर्ण झाला आहे. कोरे ट्रॅक, मिक्स आणि ती टेक्स्ट फाइल एका हार्ड डिस्कवर माझ्याकडे आहे, दुसरी प्रत बुवांच्या मुलाकडे दिली.