टीबार्स किट : एका रीडिंगवर भिस्त नको

एलडीएलचं (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) ऑक्सिडेशन मोजायचं म्हटलं की पहिलं टीबार्स किटच फ्रिजमधून बाहेर येतं. काम सोपं आहे: चरबीच्या ऑक्सिडेशनमधून निघणारं मॅलॉनडायअल्डिहाइड किटमधल्या टीबीएशी (थायोबार्बिट्युरिक अ‍ॅसिड) जुळलं की गुलाबी रंग येतो आणि तो ५३२ नॅनोमीटरवर वाचायचा. ढोबळ तुलनेला किट चांगलं. इस्ट्रोजेनचे मेटाबोलाइट्स (शरीरात त्यापासून बनणारे पदार्थ) हे ऑक्सिडेशन किती रोखतात, ही परीक्षा मात्र त्याच्या एकट्याच्या आवाक्यातली नाही.

२-हायड्रॉक्सीइस्ट्राडायोल आणि ४-हायड्रॉक्सीइस्ट्राडायोल या मेटाबोलाइट्सच्या ए रिंगवर दोन हायड्रॉक्सिल शेजारीशेजारी बसलेले असतात; या रचनेला कॅटेकॉल म्हणतात. त्यातला हायड्रोजन ऑक्सिडेशन पुढे नेणाऱ्या लिपिड पेरॉक्सिल रॅडिकलला मिळाला की त्याची साखळी तुटते. पण मेटाबोलाइट खर्ची पडला की ती पुन्हा धावू लागते. म्हणजे ऑक्सिडेशन टळत नाही, लांबतं. किट वाचतं एकदाच. त्यामुळे तोच नमुना चार तासांनी थांबवला तर उत्तम संरक्षण दिसू शकतं आणि चोवीस तासांनी थांबवला तर कंट्रोलइतकाच गुलाबी.

यावर उपाय म्हणजे ठरावीक अंतराने नमुने काढणं, किंवा २३४ नॅनोमीटरवर कॉंजुगेटेड डाईनचा (ऑक्सिडेशनच्या सुरुवातीला बनणारे पदार्थ) लॅग टाइम, म्हणजे ते वेगाने वाढू लागेपर्यंतचा वेळ, जोडीला मोजणं. एलडीएल ५० मायक्रोग्रॅम प्रथिन प्रति मिली, ऑक्सिडेशन सुरू करणारं कॉपर ५ मायक्रोमोलर, तापमान ३७ अंश. कॉपर घालण्याआधी एलडीएलमधला ईडीटीए डायलिसिसने पूर्ण काढायचा. उरला तर तो कॉपरला धरून ठेवतो आणि श्रेय फुकटात इस्ट्रोजेनला मिळतं. साधी पॉलिस्टायरिन प्लेट इथे चालत नाही, २३४ ला ती प्रकाशच अडवते.

किटमधली बीएचटीची (ऑक्सिडेशन थांबवणारं रसायन) कुपी हाही नेहमीचा घोटाळा. ती इनक्युबेशन संपल्यावर, उकळण्याच्या पायरीआधी घालायची. आधी पडली तर सगळेच नमुने सुरक्षित दिसतात. कॅटेकॉलचा स्टॉक इथेनॉलमध्ये, त्याच दिवशी करावा. तपकिरी झाला असेल तर सरळ फेकावा, त्यातलं कॅटेकॉल ऑक्सिडाइझ होऊन क्विनोनकडे झुकलेलं असतं. कंट्रोललाही तितकंच इथेनॉल हवं. डीएमएसओ हे द्रावक टाळलेलं बरं, ते स्वतःच हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळतं.

साखर, बिलिरुबिन, हिमोलिसिस हे तिन्ही रीडिंग बिघडवतात, म्हणून प्लाझ्मा थेट घालण्यापेक्षा वेगळं केलेलं एलडीएल बरं.

आणि डोस मायक्रोमोलरमध्ये असेल तर निकालावरून हृदयाच्या संरक्षणाबद्दल बोलू नये. रक्तात इस्ट्राडायोल फार तर काही नॅनोमोलर असतं, तेही गरोदरपण सोडून.