हिरड्यांसाठी गोळ्या, डीप क्लीनिंग की फ्लॅप? आधी आपलं शरीर काय करायलंय ते बघा

हिरड्यातून रक्त यायलंय, दात हलायलेत आणि समोर तीन रस्ते आहेत, मेडिकलवरून गोळ्यांचा कोर्स, डेंटिस्टकडं डीप क्लीनिंग, नाहीतर फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी कापून उघडायची आणि आतून साफ करायचं. गावाकडं बहुतेकजण पहिला धरतात, पैसे कमी लागतात आणि तालुक्याला चकरा माराव्या लागत नाहीत. माझ्या मते शेवटी तोच लई महागात पडतो.

कारण दाताखालचं हाड जंतू खातात असं आपण धरून चालतो, आणि ते अर्धंच खरंय. जंतू सुरुवात करतात, दातावरच्या चिकट थरात बसून. थर हिरडीच्या कडेला साचला की शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, हिरडी सुजते, रक्त येतं, आणि इथपर्यंत सगळं मागं फिरू शकतं. १९६५ ला डेन्मार्कमधल्या प्रयोगात हिरड्यांचे संशोधक हॅराल्ड लो यांनी चांगल्या हिरड्यांच्या माणसांना दात साफ करणंच बंद करायला लावलं, तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि साफसफाई परत सुरू केल्यावर बऱ्याही झाल्या.

पण थर तिथंच राहिला की पेशींचा मारा थांबत नाही, त्यांच्यातून सुटणारी एन्झाइम्स दाताला धरून ठेवणारे धागे तोडतात आणि सूज वाढवणारे सिग्नल हाड विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावतात. रानात डुकरं शिरली म्हणून माणसं लाठ्या घेऊन धावली आणि धावण्यात उभा कापूस तुडवला, तसं होतं हे. आणि गेलेलं हाड नुसत्या ब्रशनं परत येत नाही.

लो यांच्याच टीमनं १९७० पासून श्रीलंकेत चहाच्या मळ्यातले मजूर तपासले, दात घासायची सवयच नसलेले. कीटण सगळ्यांच्याच दातावर, हिरड्या सगळ्यांच्याच सुजलेल्या, तरी साधारण ८ टक्क्यांचा आजार झपाट्यानं वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम वेगानं आणि ११ टक्क्यांचा हिरड्यांच्या सुजेपुढं गेलाच नाही. घाण तीच, पण प्रत्येकाचं शरीर तिला वेगळं उत्तर देतं. म्हणून शेजारच्याला जे लागू पडलं ते तुम्हालाही पडेल असं नाही.

आता गोळ्या. त्या चिकट थराच्या आत अँटिबायोटिक नीट पोचत नाही, सूज चार दिवस उतरते, कीटण जागेवरच, आणि मारा परत सुरू. क्लीनिंगसोबत काही निवडक पेशंटना, खास करून कमी वयात आजार पसरलेल्यांना, डॉक्टर अँटिबायोटिक देतात ते वेगळं. शरीराच्या त्या एन्झाइम्सना आवरायला डॉक्सिसायक्लिनचा २० मिलिग्रॅमचा बारका डोसही आहे, अमेरिकेत १९९८ ला मंजूर झालेला, पण युरोपच्या २०२० च्या गाइडलाइननं तो वापरू नका असंच सुचवलंय. त्यामुळं त्याच्या मागं लागण्यात मला अर्थ वाटत नाही.

डीप क्लीनिंग म्हणजे भूल देऊन हिरडीखालचं, मुळावरचं कीटण काढणं. शरीर ज्याच्यावर चिडलंय तेच हटतं, म्हणून सुरुवात इथूनच. क्लीनिंगनं दात ढिले होतात म्हणून लोक भितात, पण हाड आधीच गेलेलं असतं, कीटणाचा आधार आणि सूज गेली की ते कळायला लागतं एवढंच. थंड पाणी काही दिवस झोंबतं, दात थोडे लांब दिसतात, हे मात्र होतं.

फ्लॅप पहिल्याच भेटीत ठरवू नका. क्लीनिंगनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली खोल फट, परत मोजतात, ४-५ मिलिमीटर राहिलं तर बहुतेकदा परत क्लीनिंग, ६ किंवा जास्त राहिलं तर सर्जरीचा विचार. दुसरं मत पाहिजे असलं तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूर-नांदेडलाही दंत महाविद्यालयं आहेत.

आणि शुगर असलेल्यांनी तर अजिबात टाळू नये. शुगर वाढली की सूज जास्त आणि जखम भरायला उशीर, उलट हिरड्यांचा इलाज केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्के अंकांच्या आसपास उतरल्याचं दिसलंय. बिडी-सिगारेटवाल्यांचं रक्त कमी येतं, म्हणून आजार झाकला जातो आणि कळतो तेव्हा दात हलायलेले असतात. मिसरी घासणाऱ्या आपल्या माय-मावश्यांना कोणी नीट विचारतच नाही, त्यांना सोबत घेऊन जा, त्यांच्याही हिरड्या दाखवा.

बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी क्लीनिंग दसऱ्याच्या तोंडावर नको, उन्हाळ्यातच करून घ्यावी, म्हणजे टोळी निघायच्या आधी पॉकेट परत मोजून होतं आणि सर्जरी लागलीच तर तिचे टाके काढायलाही माणूस गावातच असतो.