हिवाळ्यात पीबीएस: अँटेना पुरतो की पासपोर्ट घ्यायचा?

जानेवारी आला की अमेरिकेतली पीबीएस (म्हणजे तिथला सार्वजनिक टीव्ही) स्टेशनं आपले हुकमी पत्ते काढतात. रविवारी रात्री मास्टरपीसच्या ब्रिटिश मालिका, सोमवारी अँटिक्स रोड शो, मंगळवारी फाइंडिंग युअर रूट्स, बुधवारी नेचर आणि त्याला लागून नोव्हा. डाउन्टन ॲबीसुद्धा इथे २०११ च्या जानेवारीतच सुरू झाली होती. बाहेर बर्फ, साडेचारला अंधार, माणूस जाणार कुठे! फक्त वेळा आपापल्या स्टेशनच्या बघा, कारण प्रत्येक स्टेशन स्वतःचं वेळापत्रक स्वतः लावतं, दुसऱ्या शहरातल्या मित्राने सांगितलेली वेळ आपल्याकडे चालेलच असं नाही.

आता बघायचं कसं? अँटेना एकदा विकत घेतला की नंतर फुकट, इंटरनेट गेलं तरी चालू, आणि मेन चॅनेलच्या जोडीला त्याच स्टेशनचे पॉइंट दोन, पॉइंट तीनवाले जोड-चॅनेल पण मिळतात, बऱ्याच ठिकाणी त्यात चोवीस तास मुलांचा चॅनेल असतो. पण खिडकीची जागा शोधेपर्यंत जीव खातो. जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या येत नाहीत, चित्र एकतर लख्ख, नाहीतर चौकोन चौकोन होऊन थिजलेलं, आणि आमच्याकडे तर कोणी चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभं राहिलं तरी थिजतं. एक सांगतो, काही स्टेशनं व्हीएचएफवर (लांब लहरींच्या जुन्या पट्ट्यावर) आहेत, तिथे भिंतीला चिकटवायचा चपटा अँटेना बऱ्याचदा गडबडतो, त्यापेक्षा सशाच्या कानांसारखा, दोन लांब दांड्यांचा अँटेना बरा. जागा बदलली की टीव्हीवर रीस्कॅन (चॅनेल पुन्हा शोधायला) करायला विसरू नका, मी विसरलो होतो आणि अर्धा तास अँटेनालाच शिव्या घातल्या.

पासपोर्ट म्हणजे वेगळं सबस्क्रिप्शन नाही, स्थानिक स्टेशनला देणगी दिली की पीबीएसचे कार्यक्रम ऑनलाइन बघायची मिळणारी सोय. बहुतेक ठिकाणी महिन्याला ५ डॉलर किंवा वर्षाला ६० पासून. खरी मजा जुन्या सीझन्सची, ऑल क्रिएचर्स ग्रेट अँड स्मॉल ही मालिका पहिल्यापासून धरायची असेल तर अँटेना काय करणार? नव्या सीझनचे सगळे भाग पण कितीदा पहिल्याच दिवशी टाकतात. शिवाय देणग्या गोळा करायच्या आठवड्यांत टीव्हीवर मध्येमध्ये जी झोळी फिरते (पाच मिनिटं संपतच नाहीत!) ती इथे नाही. तोटे पण आहेत, हक्क संपले की कार्यक्रम गायब होतात आणि अमेरिकेबाहेर चालत नाही, त्यामुळे डिसेंबरात महिनाभर भारतात जाणार असाल तर तिथे बघू म्हणून आत्ताच घेऊ नका.

मधला मार्ग पीबीएसचं फुकट ॲप. स्टेशनचं लाइव्ह बघता येतं आणि बरेच नवे भाग प्रसारणानंतर काही दिवस फुकट असतात. ज्याला आठवड्याला एक भाग पुरतो त्याला अँटेना आणि हे ॲप बास, मी आधी तेच केलं असतं. पण घरात कोणी एका रात्रीत चार भाग संपवणारं असेल तर पासपोर्ट घ्या, वाद घालू नका. आणि अजून एक, जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, त्याचा फटका छोट्या गावांतल्या स्टेशनांना जास्त, कारण त्यांची भिस्त त्या पैशावर होती. तुमचं स्टेशन तसं असेल तर ५ डॉलरचा हिशोब थोडा वेगळा होतो.

१ जानेवारीला पीबीएसवर लागणाऱ्या व्हिएन्नाच्या नववर्ष कॉन्सर्टला मात्र आमच्याकडे अँटेनाच. शेवटच्या राडेट्स्की मार्चला सभागृहातले लोक टाळ्यांनी ठेका धरतात, बाबा सोफ्यावरून त्यांना साथ देतात, आणि तेवढा वेळ खिडकीपाशी जायला सगळ्यांना बंदी.