प्लेबॅक की फोरम?

प्रेक्षकांना सामील करून घेणारे हे नाटकाचे दोन प्रकार. दोन्हींत गोष्ट प्रेक्षकांचीच, पण पुढे तिचं काय होतं ते वेगळं. जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुरू केलेल्या प्लेबॅकमध्ये प्रेक्षक मंचाच्या कडेच्या खुर्चीत येऊन बसतो, आठवण सांगतो, आपली भूमिका कोण करणार तेही निवडतो. सूत्रधार म्हणतो, ‘चला, पाहूया!’ संहिता नाही, तालीम नाही; नट लगेच उभे. शेवटी सगळे नट सांगणाऱ्याकडे वळून बघतात. मला तर तोच क्षण नाटकाहून मोठा वाटतो.

ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांच्या फोरममध्ये अन्यायाचा प्रसंग आधी बसवलेला असतो. प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून नटाची जागा घेतो, दुसरी वाट करून बघतो. रेशन दुकानदाराशी हुज्जत घालायची तर फोरमच. वडील गेले ती रात्र सांगायची असेल, तर मध्येच कुणी ‘थांबा’ म्हणायला नको.