जुन्या गाडीचा ब्रेक मास्टर सिलिंडर: किट टाकायचं, नवा बसवायचा की भंगारातला आणायचा?

गणपतीला गावी आल्यावर खळ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली मारुती ८०० किंवा ओम्नी चालू करतात, ब्रेक दाबतात आणि पेडल पायाखाली सावकाश खाली जायला लागतं. कोकणात ही तक्रार नेहमीची आहे. मिस्त्री म्हणतो, 'मास्टर गेला.' म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोहोचवणारा मास्टर सिलिंडर. पुढे तीन वाटा असतात: आहे त्याच सिलिंडरला रबर किट, पूर्ण नवा सिलिंडर, किंवा भंगारातल्या गाडीचा काढलेला. कोकणातल्या उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी माझा कौल नव्याकडे आहे. किटची बाजूही सांगतो, कारण काही गाड्यांना ते खरोखर पुरतं.

त्याआधी दोष मास्टरचाच आहे याची खात्री करा. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारख्या जोराने अर्धा मिनिट दाबून धरा. पेडल हळूहळू खाली बसतंय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर आतले रबर ऑइल मागे सोडतायत. पेडल स्पंजासारखं लागतंय आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येतंय, तर पाइपांत एअर, म्हणजे हवा, शिरलेली असेल किंवा मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक ॲडजस्ट करायचे राहिले असतील. ऑइल कमी होतंय पण चाकांपाशी गळती दिसत नाही, तर मास्टरचे दोन नट सोडून तो बूस्टरपासून (पायाचा जोर वाढवणाऱ्या गोल डब्यापासून) जरा पुढे ओढा. मागचा भाग ओला असेल तर ऑइल बूस्टरमध्ये जातंय. ते आतल्या रबरी पडद्याची वाट लावतं, म्हणून हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

आता किट. ते काहीशे रुपयांत येतं आणि नवा सिलिंडर त्याच्या काही पट, त्यामुळे मोह होतोच. पण किटमध्ये नवे असतात ते रबर. ते ज्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीत, सरकतात तो जुनाच राहतो, आणि कोकणातल्या गाडीची खरी दुखापत तिथेच असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ दर्जाच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शिरलेल्याचा १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. आपल्याकडचा पाऊस, समुद्राची हवा आणि महिनोन्महिने एका जागी उभी गाडी एकत्र आली की ते पाणी बोअरला गंजवतं.

रोजच्या वापरात पिस्टन (रबर बसवलेला, आत सरकणारा दांडा) बोअरचा थोडाच भाग वापरतो. तेवढा गुळगुळीत राहतो, त्यापुढे गंज आणि गाळ साठतो. किट टाकून मिस्त्री एअर काढायला बसतो, मदतनीस पेडल पार तळापर्यंत मारतो, आणि नव्या रबराची कड त्या खरखरीत पट्ट्यावर घासून कापली जाते. आठवड्याभरात पेडल पुन्हा खाली. जुन्या सिलिंडरवर एअर काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला सांगा, म्हणजे ते तळाला जाणार नाही.

किट टाकायचंच असेल तर पिस्टन काढल्यावर बोअर स्वतः बघा. बॅटरीचा उजेड आत टाका आणि आडवं नख फिरवा. नुसता काळसर डाग असेल आणि नख अडकत नसेल, तर चालेल. खड्डा लागला तर तो सिलिंडर संपला. बीडाचा बोअर अगदी बारीक घासून थोडा सुधारतो, ॲल्युमिनियमचा घासू नये; वरचा कठीण थर गेला की तो भराभर झिजतो. रबर पेट्रोल-डिझेलने धुवू देऊ नका, ते फुगतात. स्वच्छ ब्रेक ऑइलच वापरायचं. गाडी रोज चालते, ऑइल वेळेवर बदललेलं आहे आणि बोअर साफ आहे, अशा गाडीला किट योग्य.

नवा घेताना जुना सोबत घेऊन दुकानात जा. एकाच मॉडेलमध्ये बूस्टरवाली आणि बिनबूस्टरची गाडी असू शकते, आणि त्यांचे सिलिंडर वेगळे असू शकतात. बोअरचं माप बऱ्याचदा अंगावरच असतं, जसं ३/४ किंवा १३/१६ इंच. मोठं माप बसवलं तर पेडल कडक होतं आणि जोर जास्त लागतो. लहान बसवलं तर ते जास्त खाली जातं. पाइपांची तोंडं आणि आटे जुळवा. ब्रेक ऑइलच्या टाकीखालचे रबरी बूश नवेच घ्या. बिल आणि सीलबंद डबा आग्रहाने मागा.

भंगारातल्याबद्दल थोडक्यात: तोही तेवढाच जुना, तोही कुठेतरी उघडा पडून होता, आणि आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्या मॉडेलचा नवा मिळतच नसेल तरच विचार करा, आणि तेव्हाही उघडून, बोअर पाहून, किट टाकूनच.

खर्चाच्या हिशेबात पाइपही धरा. देवगड-मालवणकडच्या गाड्यांत पाइपाचा नट गंजून पाइपालाच धरलेला असतो. साधा पाना लावला की कोपरे झिजतात किंवा नटाबरोबर पाइपही पिळवटतो. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि फ्लेअर नटचा, म्हणजे नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा, पाना असलेला मिस्त्री बघा. त्याला घरी बोलवा. असल्या ब्रेकवर गाडी तालुक्याला नेऊ नका. नवा सिलिंडर बसवण्याआधी वाइसमध्ये धरून त्यातली एअर काढून घ्यावी, नाहीतर नंतर पेडल मारून मारून पाय दुखतात आणि ते स्पंजासारखंच राहतं. जुनं ऑइल चारही चाकांतून पूर्ण काढून ताजी बाटली भरा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

काम झाल्यावर आधी सपाट रस्त्यावर फिरवा, मग गावातल्या एखाद्या उतारावर. चाकं हाताला गरम लागत असतील तर पुशरॉडला (मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला) मोकळीक राहिलेली नाही, ती लगेच दुरुस्त करून घ्या. दुसऱ्या दिवशी टाकीतली पातळी आणि प्रत्येक नट कोरड्या फडक्याने पुसून बघा. फडकं कोरडं राहिलं तर आंबा घाटाने कोल्हापूरला जायला हरकत नाही. परतीचा उतार साखरप्यापर्यंत खालच्या गिअरमध्येच उतरा.